शंभरात तीन

डॉक्टर म्हणाले, असं समजा, शंभर बायका.
सगळ्यांची गाठ तुमच्याएवढी,
काखेत काही नाही, ऑपरेशन चांगलं झालेलं.
नुसत्या गोळीवर ठेवल्या
तर दहा वर्षांनी नव्वद जणी ठीक.
वर केमो दिली, तर त्र्याण्णव.
मग पेनाला टोपण लावलं
आणि माझ्याकडे बघत बसले,
जसं काही आता पुढची बेरीज मी सांगायची.

शंभर मला कळतात.
एकवीस वर्षं अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
शंभराचा गठ्ठा माझ्यासमोर येऊन पडतो.
नवीन पोरी टॉवेल उजेडाला धरतात.
मी धरत नाही.
डोळे दाराकडे, कोण आलं कोण गेलं,
बोटं कापडावरून.
तुटका ताणा, सुटलेली ओळ,
साबुदाण्याएवढी गाठ,
बोटांना आधी कळतं.
शंभरात तीन निघतात, कधी चार.
ते सेकंड. मंगळवार बाजारात निम्म्या भावानं.

पण तिथं निघतात की ओ.
हातात येतात, बाजूला ठेवता येतात.
ह्या शंभरातल्या तिघी कुठल्या
ते डॉक्टरांनाही माहीत नाही.
नव्वद जणी तशाही राहिल्या असत्या,
सात जणी तशाही
एवढं म्हणून ते थांबले.
मीही पुढं विचारलं नाही.

एक तपासणी असते म्हणे.
गाठीचा तुकडा परदेशी पाठवायचा,
मग नेमकं कळतं, किंवा नेमक्याच्या जवळपास.
आकडा ऐकून अंबादासनं
टोपी काढली, झटकली, परत घातली.
गाठीला होतं ते ऑपरेशनलाच गेलं.

तुमची बायको असती तर? मी विचारलं.
माझी बायको माझं ऐकत नाही, म्हणाले.
बरं वाटलं ते ऐकून, का कोण जाणे.

रजिता म्हणते, तीन म्हणजे तीन, अम्मा,
त्यातली एक तू असलीस तर?
नसले तर? मी म्हणते.
मग दोघी भांडी घासतो.
अंबादास म्हणाला, नी इष्टम.
तुझी इच्छा.
तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला
आणि ते नेमकं आत्ता.

खालच्या महानंदा बिराजदारनं चार वर्षांमागं घेतलेली.
केस परत आले, कुरळे आले, ती खूश आहे.
पण ब्लाउजचं हूक अजून आरशात बघून लावते.
बोटांना शेंड्यापाशी काही लागत नाही, म्हणाली,
भाकरी उलटताना भाजलं तर
वास आल्यावर कळतं.

केसांचं मी कधी धरलंच नव्हतं मनात.
ओकारीचंही नाही.

घरात आमच्याकडं सगळे सेकंडच टॉवेल.
एप्रिलात, अंघोळ करून पुसताना
बोट अडलं.
वाटलं, टॉवेलमधली गाठ.
उलटा केला, सुलटा केला,
काठापासून काठापर्यंत बोटं फिरवली.
टॉवेल साफ होता.
कसा काय सेकंडात आला, देव जाणे.

हे कुणाला सांगितलं नाही.
की ज्या बोटांनी शोधलं
तीच द्यायची असतील तर
मला जरा वेळ लागणार.

कालपासून गठ्ठ्यापाशी निर्मलाला बसवते.
डोळे मिट, म्हणते तिला. मिट की.
आता सांग कुठंय.
ती हसते, चुकते, परत हात फिरवते.
सतराव्या टॉवेलला तिचं बोट थांबलं.
बरोबर थांबलं.

संध्याकाळी दवाखान्यात फोन लावला.
पलीकडून सिस्टर म्हणाली,
सोमवारची तारीख देऊ का, पहिल्या डोसची?
सोमवार नको, म्हटलं,
आमच्याकडं पाच दिवसांनी पाणी येतं,
सोमवारी भरून ठेवायचंय.
मंगळवार बघा.